श्वानवधाचा जुना वाद

एखाद्या वस्तींत कुत्र्यानें लहान मुलास फाडलें म्हणजे दुसरा दिवस उजाडण्यापूर्वींच त्या वस्तींत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, त्या कुत्र्यास आतांच्या आतां मारून टाका. दुसरा म्हणतो, मुक्या जनावरास काय समजतें? पहिल्यास दुसरा भाबडा वाटतो, दुसऱ्यास पहिला कसाई वाटतो. ह्या गलक्यांत दवाखान्यांत पडलेल्या मुलाची विचारपूस जशी मागें पडते, तशीच तो कुत्रा कोणाचा, कोणाच्या अन्नावर वाढलेला, त्यास आवरण्याचें काम कोणाचें, ही चौकशीहि मागेंच राहते.

हा वाद आजचा नव्हे. आपल्या बाजूच्या शहरांत तो निदान दोनदां मोठ्या प्रमाणावर झडला असून, एकदां तर त्यापायीं बाजार बंद पडले व रस्त्यांवर फौज आली. मुंबईचा १८३२ सालचा व अहमदाबादचा १९२६ सालचा असे ते दोन प्रसंग आम्हीं येथें वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. केवळ जुन्या हकीकती सांगाव्या एवढाच त्यांत हेतु नाहीं. हे प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवून पाहिले असतां एक गोष्ट मनावर ठसते : कुत्र्यास मारावें कीं तारावें हा प्रश्न लोक दया आणि भीति यांच्या तराजूंत घालतात, परंतु तो सुटावयाचा तर जबाबदारीच्या तराजूंतच सुटतो.

आधीं आपल्या प्राचीन ग्रंथांकडे क्षणभर पाहूं. महाभारताच्या आदिपर्वांत, कथेच्या अगदीं आरंभीं, जनमेजयाच्या यज्ञमंडपांत एक कुत्रा शिरतो. राजाचे भाऊ त्यास बडवून हांकलतात. तो रडत आपली आई सरमा हिच्याकडे जातो. ती तेथें येऊन विचारते, कीं माझ्या मुलानें हविर्द्रव्य चाटलें नाहीं, त्याकडे पाहिलेंहि नाहीं. मग त्यास कां मारलें? त्या राजपुत्रांजवळ उत्तर नसतें. तेव्हां ती शाप देते, कीं तुम्हांवर न दिसणारें भय येईल. रामायणाच्या उत्तरकांडांतहि, प्रक्षिप्त मानलेल्या सर्गांत, एका ब्राह्मणानें डोकें फोडलेला कुत्रा रामाच्या दरबारीं दाद मागावयास येतो आणि राम त्याची फिर्याद ऐकून घेतो. ह्या दोन्ही कथांत कुत्र्याची पूजा नाहीं. परंतु अपराध काय हें ठरविल्यावांचून दंड करूं नये, हा न्यायाचा पहिला नियम त्यांत कुत्र्यालाहि लागू केला आहे.

दुसरी बाजूहि आपल्या शास्त्रकारांनीं सोडलेली नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत सुळ्यांच्या व शिंगांच्या जनावरांविषयीं एक नियम आहे. आपलें जनावर दुसऱ्यावर तुटून पडलें असतां, सोडविण्याची शक्ति असूनहि जो धनी सोडवीत नाहीं, त्यास दंड सांगितला आहे. आणि सांपडलेल्या मनुष्यानें ओरडून हांक मारल्यावरहि जो धनी स्वस्थ राहतो, त्यास तो दंड दुप्पट. स्मृतिकारांनीं दोष जनावराच्या दांतांपाशीं थांबविला नाहीं, तो धन्याच्या दारापर्यंत नेऊन पोंचविला. परंतु ज्या कुत्र्यास धनीच नाहीं, त्याच्या दांतांचा जबाब कोणीं द्यावा? शहरांतील साऱ्या वादाचें मूळ ह्या एका प्रश्नांत आहे.

आतां मुंबईकडे वळूं. १८३२ सालच्या ६ जानेवारीस बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ निघालें आणि मराठी वृत्तपत्रांचा आरंभ झाला. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत ह्याच शहरांत कुत्र्यांवरून दंगा झाला. अर्ल ऑफ क्लेअर हे त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर होते. कोटांतील वस्ती दाट झालेली, गल्ल्यांतून धनी नसलेले कुत्रे पुष्कळ, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची सर्वांसच धास्ती. वर्षांतील ठराविक दिवसांत भटके कुत्रे मारण्याचा पोलिसांचा प्रघात पूर्वीपासून होता. त्या वर्षीं ही मुदत वाढविण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें ८ आणे इनाम देण्यांत येऊं लागलें.

ह्या आठ आण्यांनींच अर्धा अनर्थ केला असें आमचें मत आहे. इनाम कुत्रा पिसाळलेला कीं शहाणा, बेवारशी कीं पाळलेला, हें पाहत नाहीं. तें फक्त मुडदे मोजतें. चावऱ्या कुत्र्याच्या पाठीस लागण्यापेक्षां ओसरीवर निजलेला गरीब कुत्रा ओढून नेणें केव्हांहि सोपें. कुत्रे मारणारे घरांच्या आवारांत शिरून लोकांचे पाळलेले कुत्रेहि नेतात, अशी ओरड शहरभर झाली. रोगाचा प्रतिबंध म्हणून जें काम हातीं घेतलें होतें, तें पाहतां पाहतां मजुरीचा धंदा होऊन बसलें.

हें काम ज्या वस्तींत चाललें होतें तेथें पारशी समाज मोठ्या संख्येनें राहत होता. पारशांच्या धर्मांत कुत्र्याचें स्थान काय आहे, हें ज्यास ठाऊक नाहीं त्यास पुढील प्रसंग उमगणार नाहीं. वेंदिदाद ह्या त्यांच्या धर्मग्रंथांत कुत्र्यास कसें वागवावें, त्यास इजा करणाऱ्यास कोणतें शासन, ह्याचें विस्तारानें विवेचन आहे. मनुष्य मृत झाला म्हणजे प्रेतावर कुत्र्याची दृष्टि पडावी लागते. ह्या विधीस ‘सगदीद’ म्हणतात. ज्या प्राण्याच्या नजरेवांचून मेलेल्या माणसाचा अंत्यविधि पुरा होत नाहीं, त्यास आठ आण्यांसाठीं भर रस्त्यांत काठ्यांनीं ठेचलेलें पाहणें त्या समाजास कसें सोसवावें?

६ जून १८३२ रोजीं लोकांचा संयम सुटला. तो दिवस पारशांच्या सणाचा होता. कुत्रे मारीत फिरणाऱ्या पोलिसांवर जमाव धांवून गेला. दुसऱ्या दिवशीं, ७ जूनला, बाजारांतील दुकानें बंद राहिलीं. पारशांच्या जोडीस हिंदु व जैन व्यापारीहि उभे राहिले. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडविली गेली. अखेर फौज बोलावून, जमावबंदीचा कायदा वाचून दाखवून, धरपकड करून सरकारला शहर ताब्यांत आणावें लागलें. पुढें पकडलेल्यांवर खटले चालून कांहींना शिक्षा झाल्या.

ह्या दंग्याकडे दोन तऱ्हांनीं पाहतां येतें. एका दृष्टीनें तो धर्मभावनेचा उद्रेक होता. दुसऱ्या दृष्टीनें तो नागरिक आणि सरकार यांच्यांतील पहिल्या मोठ्या कलहांपैकीं एक होता. आमच्या दारांत शिरून, आम्हांस न विचारतां, आमच्या रस्त्यावरील प्राण्याचें काय करावें हें तुम्हीं कां ठरवावें, असा त्याचा सूर होता. आणि दुकानें बंद करून सरकारची कोंडी करण्याचें जें हत्यार पुढें हिंदुस्थानांत घरोघर ठाऊक झालें, तें मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं त्या दिवशीं कुत्र्यांसाठीं उपसलें. तथापि दंगेखोर सर्वथा बरोबर व सरकार सर्वथा चूक, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. पिसाळलेला कुत्रा चावला तर त्या काळीं औषध नव्हतें. एकदां रोगाचीं लक्षणें दिसूं लागलीं, कीं माणूस पाण्याच्या घोटास भिऊन, तडफडून मरे; घरच्यांनीं पाहत बसावें एवढेंच त्यांच्या हातीं. अशा मरणापासून शहर वांचवावें ही सरकारची इच्छा खोटी नव्हती. खोटी होती ती पद्धति.

शहर शांत झाल्यावर पारशी शेठ मंडळी मध्यें पडली. कुत्रे ठार मारण्याऐवजीं शहराबाहेर हलवावे, अशी तोड पुढें आली. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ स्थापन झाली. भुलेश्वरची पांजरापोळ ती हीच. पारशी आणि जैन, दोघांचे धर्म निराळे, दयेचीं कारणेंहि निराळीं. तरी एका आवाराच्या भिंती त्यांनीं मिळून उभ्या केल्या. दंग्यांत दगड फेंकणाऱ्यांपेक्षां ह्या दोघांनीं कुत्र्यांचें अधिक हित केलें, हें आम्हांस नमूद करावेंसें वाटतें. कारण त्यांनीं नुसती दया दाखविली नाहीं, तिचा खर्च आपल्या शिरावर घेतला.

परंतु पांजरापोळीनें प्रश्न मिटला नाहीं. कुत्रा वर्षांत दोनदां विऊं शकतो. शेठांच्या थैलीस मात्र तळ असतो. मुंबईच्या नगरपालिकेकडून भटके कुत्रे मारण्याचें काम पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालूच राहिलें, आणि तें थांबलें १९९४ सालीं. एवढा दीर्घ काळ मारूनहि कुत्रे संपले नाहींत. कारण ज्या उकिरड्यांवर ते पोसले जात ते उकिरडे जागच्या जागींच होते. एक मारला कीं त्याच्या जागीं दुसरा येई.

मध्यंतरीं एक मोठी घटना घडली. ६ जुलै १८८५ रोजीं पॅरिस येथें लुई पाश्चर यांनीं कुत्रा चावलेल्या एका मुलास आपली नवी लस टोंचली आणि तो मुलगा वांचला. १९०० सालीं हिंदुस्थानांत कसौली येथें पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. चावा म्हणजे मरणाचा हुकूमच, अशी जी दहशत पिढ्यान्पिढ्या बसली होती ती ह्यामुळें सैल झाली. जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुणें आणि विलंब न लावतां लस घेणें, एवढ्यानें आज बहुतेक जीव वांचूं शकतात. शास्त्रानें आणखी एक गोष्ट शिकविली, ती आमच्या विषयास फार जवळची आहे. चावलेला कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखालीं ठेवावा. तो त्या मुदतींत धडधाकट राहिला, तर चावतेवेळीं त्याच्या लाळेंत रोगाचें विष नव्हतें असें समजतें. म्हणजे ज्या जमावानें रागाच्या भरांत कुत्र्यास तिथल्या तिथें ठेचलें, त्यानें अपराध्यास शासन केलें असें नव्हे. त्यानें एक साक्षीदार नाहींसा केला. सरमेनें यज्ञमंडपांत जी चौकशी मागितली होती, तीच आज वैद्यहि मागतात.

आतां दुसरा प्रसंग. १९२६ सालीं अहमदाबादचे गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या गिरणीच्या आवारांत फिरणारे ६० भटके कुत्रे मारण्यांत आले. अहमदाबाद हें जैनांचें मोठें ठाणें. तेथें मुंगीस साखर घालणारीं घरें गल्लोगल्लीं. साराभाई स्वतःहि जैन कुळांतले. ही गोष्ट मनास लागून राहिल्यामुळें ते गांधीजींकडे गेले, आणि दुसरें काय करतां आलें असतें, अशा अर्थाचें उत्तर गांधीजींनीं त्यांस दिलें. ही वार्ता फुटतांच शहरांत एकच खळबळ उडाली. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या पुरुषानें साठ जीवांच्या वधास संमति द्यावी? एका जीवदयावादी मंडळानें त्यांस पत्र लिहून खुलासा मागितला. गांधीजींनीं नाकबूल केलें नाहीं. ऑक्टोबर १९२६ पासून त्यांनीं ‘यंग इंडिया’ व ‘नवजीवन’ ह्या आपल्या पत्रांतून ह्या विषयावर एक लेखमालाच लिहिली. रागानें भरलेल्या पत्रांचा त्यांच्यावर वर्षाव झाला. तरी त्यांनीं आपलें म्हणणें मागें घेतलें नाहीं.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. वध ही हिंसाच आहे, तिला दुसरें नांव देऊं नये. परंतु गृहस्थानें अथवा राज्यकर्त्यानें पिसाळलेला कुत्रा मोकळा सोडून माणसें मरूं देणें ही त्याहून मोठी हिंसा आहे. शहराच्या रुग्णालयांत श्वानदंशावर उपचारासाठीं येणाऱ्यांचा आंकडा त्या सुमारास वर्षाकाठीं हजाराच्या घरांत होता, आणि तो त्यांनीं वाचकांपुढें ठेवला. पण त्यांचा खरा रोख निराळाच होता. रस्त्यांतून भटकणारे कुत्रे हें समाजाच्या दयेचें चिन्ह नसून त्याच्या आळसाचें व अज्ञानाचें चिन्ह आहे, असें त्यांनीं बजावलें. येतां जातां पोळीचा तुकडा फेंकून पुण्य पदरांत पाडून घ्यावें आणि त्या कुत्र्याचें पुढें काय होतें हें पाहूं नये, ही दया नव्हे. ज्यास दया करावयाची आहे त्यानें कुत्रा घरीं पाळावा, त्याची निगा राखावी. तें न जमेल तर त्यांस सांभाळणाऱ्या संस्थेस पैसा द्यावा. धनी असलेल्या व नसलेल्या कुत्र्यांविषयीं नगरपालिकेनें कायदा करावा, असेंहि त्यांनीं सुचविलें.

ह्या लेखांतील प्रत्येक निर्णय आज जसाच्या तसा स्वीकारावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्या वेळीं मारण्यापलीकडे जो उपाय दिसत नव्हता तो आज निर्बीजीकरणाच्या व लसीच्या रूपानें हातीं आहे. परंतु वाद जेथें अडला होता तेथून त्यांनीं तो पुढें नेला, हें मान्य केलें पाहिजे. दया श्रेष्ठ कीं भीति खरी, हें भांडण त्यांनीं बाजूस सारून निवाडा अन्न घालणाऱ्याच्या व नगरपालिकेच्या दारांत नेऊन ठेवला. याज्ञवल्क्यानें धन्यास जो प्रश्न केला होता, तोच त्यांनीं धनी नसलेल्या कुत्र्याविषयीं साऱ्या शहरास केला.

येथेंच एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. हल्लीं चावलेल्या कुत्र्यास इंजेक्शन देऊन मारण्यास ‘दयामरण’ म्हणण्याचा प्रघात पडूं पाहत आहे. १९२८ सालीं साबरमती आश्रमांत असाध्य व्यथेनें तळमळणाऱ्या एका वासरास गांधीजींच्या संमतीनें डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन मरण देण्यांत आलें. त्यावरहि वादळ उठलें. परंतु ही कृति त्यांनीं अहिंसाच मानली, कारण ती त्या वासराच्या क्लेशमुक्तीसाठीं होती. कुत्र्यांच्या वधास मात्र त्यांनीं हिंसा हेंच नांव दिलें, कारण तो माणसांच्या रक्षणासाठीं होता. हा विवेक आपण सोडूं नये. धडधाकट कुत्रा आपल्या सुरक्षिततेसाठीं मारावा लागला, तर तो प्रसंग अपरिहार्य असूं शकेल. पण त्यास दयेचें नांव देऊन आपण आपल्याच मनाची समजूत घालीत असतों. ज्या गोष्टीचें खरें नांव घ्यावयास आपण लाजतों, ती करतांना पुरेसा विचारहि करीत नाहीं.

२००१ सालच्या केंद्रीय नियमांनीं भटक्या कुत्र्यांच्या सरसकट वधाऐवजीं निर्बीजीकरण व लसीकरण हा मार्ग घालून दिला. २०२३ सालीं ते नियम नव्यानें करण्यांत आले. तरी वाद शमला नाहीं. ११ ऑगस्ट २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं दिल्ली व आसपासचे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा हुकूम दिला. त्यावर देशभर रणकंदन माजलें. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो बदलला : निर्बीजीकरण व लस झालेले कुत्रे जेथून उचलले तेथेंच सोडावे, पिसाळलेले, तसा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे मात्र सोडूं नयेत, आणि त्यांस अन्न घालावयाचें तें नेमून दिलेल्या जागींच घालावें. आक्रमक कुत्रा कोणता, हें कोणीं व कोणत्या कसोटीनें ठरवावें, हा प्रश्न लगेच उभा राहिला. अन्नाच्या जागेविषयींची आज्ञा वाचतांना आम्हांस १९२६ सालच्या लेखमालेची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

पाळलेल्या कुत्र्यापुरता कायदा तर कधींच तयार आहे. आपल्या ताब्यांतील जनावरापासून माणसाच्या जिवास धोका होऊं नये एवढी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, असें १८६० सालच्या दंडसंहितेंत होतें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि ती तरतूद कायम आहे. परंतु प्रसंग आला म्हणजे लोक कुत्र्याच्या मरणाची मागणी करतात. साखळी सोडणाऱ्या धन्यास जाब विचारण्याची मागणी क्वचितच ऐकूं येते. कुत्रा मेला कीं राग शांत होतो, आणि तोच धनी पुढच्या महिन्यांत दुसरें पिल्लू आणावयास मोकळा असतो.

म्हणून ह्या वादांत पडणाऱ्या सुज्ञ वाचकांस आमची विनंति आहे, कीं पुढच्या वेळीं आपल्या आळींत असा प्रसंग ओढवला तर मारा कीं तारा ह्या घोषणेपूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या. चावलेल्या माणसास तत्काळ लस मिळाली कीं नाहीं? कुत्रा दहा दिवस कोणाच्या नजरेखालीं आहे? आणि त्यास पोसणारा, सोडणारा, किंवा त्याचा बंदोबस्त करण्यासाठीं कर घेणारा कोण आहे? ह्या तिन्हींचीं उत्तरें मिळाल्यावर, क्वचित् एखाद्या कुत्र्यास मरण देणेंच भाग पडेल. तेव्हां तें जड मनानें आणि खऱ्या नांवानें द्यावें. परंतु बहुधा उत्तरें शोधीत गेलें असतां आपण कुत्र्यापाशीं न थांबतां माणसांच्या दारापर्यंत जाऊन पोंचूं. त्या दारांत आपल्या शेजाऱ्याचें दार असेल, नगरपालिकेचें असेल, आणि कित्येकदां आपलें स्वतःचेंहि असेल.